टायमिंग चेन : पुणे-सोलापूर रस्त्यावर ऐकू येणाऱ्या एका खडखडीचा इतिहास

१/
पुण्याहून सोलापूरकडे निघाले की यवत, चौफुला, वरवंड, पाटस अशी गावे मागे पडतात आणि मग कुरकुंभ येते. डोंगरावर फिरंगाई देवी, पायथ्याशी गाव, पलीकडे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. येथून एक रस्ता उत्तरेस दौंडला जातो, दुसरा दक्षिणेस बारामतीला. अशा प्रत्येक चौकात पंक्चरवाला असतो, चहाची टपरी असते आणि दुचाकी दुरुस्त करणारे एखादे गॅरेज असते. हा धागा त्या गॅरेजांत रोज ऐकू येणाऱ्या एका आवाजाविषयी आहे.

२/
जुनी मोटरसायकल उभी राहते. इंजिन मंद चालू असते आणि त्याच्या डाव्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर येते. मेकॅनिक इंजिनाला हात लावण्याआधीच सांगतो, "टायमिंग चेन वाजतेय." पुस्तकात तिचे नाव कॅम चेन. मागच्या चाकाला फिरवणारी साखळी सर्वांना दिसते. ही मात्र इंजिनाच्या पोटात, तेलात बुडून फिरते. अनेक मालकांना आपल्या गाडीत दुसरीही एक साखळी आहे हे तिचा आवाज सुरू झाल्यावरच कळते.

३/
तिचे काम काय? फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडणारा दुसरा. पिस्टन कोठे आहे त्यानुसार ते नेमक्या क्षणी उघडावे आणि मिटावे लागतात. हे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे. म्हणून खालच्या चक्राला १४ दात असतील, तर वरच्याला २८. या दोन चक्रांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन.

४/
इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर कॅम ३,००० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. या वेगात साखळी सैल पडली, तर वरचा शाफ्ट खालच्या शाफ्टच्या किंचित मागे राहू लागतो. हा 'किंचित' उशीर हाताळण्याची जी विद्या, तिचे नाव टायमिंग चेन ॲडजस्ट करणे.

५/
झडपेची वेळ साधण्याचा प्रश्न मोटरसायकलीहून जुना आहे. बेल्जियन अभियंता एजीद वाल्शार्ट याने १८४४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी झडपांची यंत्रणा शोधली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. दौंड हे रेल्वेचे जंक्शन; १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. चाकाशेजारी पुढेमागे हलणारे जे दांडे लोक फलाटावरून पाहत, त्यांतले काही याच कामाचे असत : वाफ केव्हा आत यावी, केव्हा बाहेर जावी हे ठरवण्याचे. तेथे मात्र सारे उघड्यावर होते. मोटरसायकलने ते झाकणाआड नेले.

६/
साखळीचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. खिळ, तिच्याभोवती बुश, बुशभोवती फिरता रोलर. या रचनेमुळे घर्षण मोठ्या पृष्ठभागावर विभागले गेले आणि साखळी दीर्घकाळ टिकू लागली. सायकल, गिरणीतली यंत्रे, मोटारी या सर्वांना तिचा उपयोग झाला. आजच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाची साखळीही त्याच कुळातली आहे.

७/
मग व्हॉल्व्ह चालवायला साखळीच का? पर्याय होते. एक म्हणजे कॅम खाली ठेवून लांब दांड्यांनी, अर्थात पुशरॉडनी, वरचे व्हॉल्व्ह ढकलणे. हे स्वस्त आणि दणकट. पण वेग वाढला की दांड्यांचे वजनच आड येते. दुसरा पर्याय, कॅम डोक्यावर नेऊन तिरक्या दात्यांच्या गिअरनी आणि उभ्या शाफ्टने फिरवणे. हे अचूक, पण बनवायला महाग आणि जुळवायला कटकटीचे. साखळी या दोहोंच्या मधली. स्वस्त, हलकी आणि लांब अंतर ओलांडणारी. तिचा दोष एकच : ती झिजते आणि झिजली की लांबते.

८/
म्हणून साखळीबरोबर तिला ताणून धरणारा भागही जन्माला आला. इंग्लंडच्या ए.जे.एस. कंपनीने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ओव्हरहेड कॅम मोटरसायकलींत साखळी वापरली, तेव्हा तिच्यासोबत पोलादी पट्टीच्या स्प्रिंगचा टेन्शनर होता. पुढच्या शंभर वर्षांत साखळी फारशी बदलली नाही. बदलत गेला तो टेन्शनर, आणि तो कोणी कसा घट्ट करायचा याचा नियम.

९/
भारतीय रस्त्यांवर मात्र ही साखळी फार उशिरा आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांतील दुचाकींची यादी पाहावी. १९५५ पासून मद्रासची एन्फील्ड बुलेट : फोर-स्ट्रोक, पण पुशरॉडची, तिचे कॅम खाली, गिअरवर फिरणारे. १९६० च्या दशकात आलेल्या म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत : दोन्ही टू-स्ट्रोक. आकुर्डीच्या बजाजची व्हेस्पा आणि १९७२ पासूनची चेतक : टू-स्ट्रोक. फिरोदियांची त्याच वर्षीची लुना : टू-स्ट्रोक.

१०/
या टू-स्ट्रोक इंजिनांत व्हॉल्व्ह नव्हते, कॅम नव्हता, साहजिकच टायमिंग चेनही नव्हती. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडत आणि झाकत असे. तेथले मेकॅनिकचे शास्त्र निराळे : सायलेन्सरमधला कार्बन काढणे, प्लग साफ करणे, पॉइंटचे अंतर लावणे, बोअर करून नवा पिस्टन बसवणे. बुलेटवाल्यांचे शास्त्र आणखी निराळे. थंड इंजिनावर टॅपेट असे लावायचे की पुशरॉड बोटांनी फिरवता यावा, पण वरखाली हलू नये. मोजमाप होते ते बोटांच्या टोकांत.

११/
१९८४ ते १९८६ या काळात जपानी भागीदारीची लाट आली. हा या कहाणीचा कळीचा टप्पा आहे. इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी-बजाजची केबी १०० आणि हीरो होंडाची सीडी १००. चारही गाड्या १०० सीसीच्या वर्गातल्या, चारही जपानी तंत्राच्या. पण पहिल्या तिन्ही टू-स्ट्रोक होत्या. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशीच केलेल्या भागीदारीतून आलेली कायनेटिक होंडा स्कूटरही टू-स्ट्रोकच होती. १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याहून बाहेर पडलेली सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक होती.

१२/
सीडी १०० चे ९७.२ सीसीचे जवळजवळ आडवे इंजिन होंडाच्या 'कब' घराण्यातले. १९५८ च्या पहिल्या सुपर कबमध्ये पुशरॉड होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून होंडाने या छोट्या इंजिनांचा कॅम डोक्यावर नेला आणि साखळीने फिरवला. भारतीय खेड्यांपर्यंत टायमिंग चेन पोहोचली ती प्रामुख्याने याच वाटेने. जाहिरातीत अर्थातच तिचा उल्लेख नव्हता. जाहिरात होती लिटरमागे किती किलोमीटर, याची.

१३/
ऊस, दूध आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात मायलेजला किती महत्त्व होते, हे वेगळे सांगायला नको. कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे डेअरी गाठणाऱ्यासाठी एका लिटरमागे वाढलेला प्रत्येक किलोमीटर म्हणजे शिल्लक. टू-स्ट्रोक गाडी सुसाट पळे, पण पेट्रोल पिई आणि धूर सोडे. फोर-स्ट्रोक शांत चाले. त्या शांततेची किंमत इंजिनाच्या आत एक साखळी चुकवत होती, आणि ती कशी सांभाळायची हे गावात फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

१४/
पहिला प्रश्न तेलाचा. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचे वंगण पेट्रोलबरोबर आत जाई आणि जळून जाई. दर टाकीला ताजे तेल, जुन्याचा प्रश्नच नाही. फोर-स्ट्रोकमध्ये तेच तेल महिनोन्‌महिने फिरत राहते आणि ते बदलावे लागते. जुन्या सवयीचा मालक पेट्रोल भरी आणि निश्चिंत होई. तेल काळे पडे, पातळी उतरे, बारीक कचरा साखळीच्या खिळींत शिरे. साखळी झिजण्याची सुरुवात बहुधा अशी दुर्लक्षातूनच होते.

१५/
येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'चेन ताणली गेली' असे आपण म्हणतो. पण पोलाद रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक दुव्यातील खीळ आणि बुश किंचित झिजतात आणि तेवढी फट पडते. अशा छोट्या इंजिनातली साखळी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर अंतराच्या दुव्यांची असते. उदाहरणादाखल ८० दुवे धरले आणि प्रत्येकात मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झीज झाली, तर एकूण लांबी ०.८ मिलिमीटरने वाढते. डोळ्यांना एकाही दुव्यात काही दिसत नाही. कानाला मात्र सगळ्यांची बेरीज ऐकू येते.

१६/
आता ॲडजस्ट करण्याची रीत. साखळीला दोन बाजू असतात. खालचे चक्र जिला ओढते ती बाजू सदैव ताठ. परतणारी दुसरी बाजू सैल. टेन्शनर नेहमी सैल बाजूवर दाब देतो. म्हणून जुना नियम असा की इंजिन हाताने फिरवायचे तर त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावे. उलटे फिरवले की सैलपणा दुसऱ्या बाजूला सरकतो, टेन्शनरला साखळी ताठ असल्याचा भास होतो आणि सगळे ॲडजस्टमेंट फसवे ठरते.

१७/
होंडा कबच्या जुन्या इंजिनांत ही रीत सुबक होती. इंजिन मंद चालू ठेवायचे. खालच्या डाव्या अंगाला असलेला लॉकनट सैल करायचा, मग आतला बोल्ट सुमारे अर्धा फेरा सैल करायचा. आतली स्प्रिंग मोकळी होते आणि टेन्शनरचा दांडा आपोआप पुढे सरकून सैलपणा भरून काढतो. खरखर थांबली की बोल्ट आणि नट पुन्हा आवळायचे. तरीही आवाज राहिला, तर इंजिनाच्या तळाचे बूच काढून आतला स्क्रू हळूहळू आत फिरवायचा, आवाज मावळेपर्यंत, त्यापुढे नाही.

१८/
'आवाज मावळेपर्यंत, त्यापुढे नाही' या वाक्यात सारी विद्या सामावली आहे. मेकॅनिक साखळीला घट्टपणा देत नाही. तो तिला फक्त सैलपणापासून सोडवतो. जास्त आवळली की रबरी रोलर आणि मार्गदर्शक पट्ट्या झिजतात, चक्रांचे दात खाल्ले जातात आणि गाडी काही दिवस गप्प राहून पुढे दुप्पट खर्च काढते. नवशिक्याची चूक सहसा हीच असते. आवाज बंद होणे हेच त्याला यश वाटते.

१९/
त्याआधीची कसोटी म्हणजे आवाज ओळखणे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावण्याची पद्धत प्रत्येक गॅरेजात दिसते. टॅपेट वाजतो तेव्हा टिक-टिक ताल नियमित असतो आणि तो डोक्याजवळून येतो. पिस्टनचा ठोका थंड इंजिनावर जड येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. साखळीची खरखर अनियमित. मंद गतीला आणि ॲक्सिलरेटर सोडताना ठळक, एकसारख्या वेगात दबलेली. तीन आवाज, तीन वेगळी कामे. चुकीचा आवाज ऐकला तर विनाकारण हेड उतरते.

२०/
ॲडजस्टमेंटलाही मर्यादा आहे, आणि ती समजणे सर्वांत अवघड. टेन्शनर सैल बाजूचा झोल काढतो; ताठ बाजूची वाढलेली लांबी तो कमी करू शकत नाही. मघाच्याच उदाहरणात ताठ बाजूला ३० दुवे असतील, तर ती ०.३ मिलिमीटर लांबली. २८ दातांच्या वरच्या चक्रावर त्याचा अर्थ कॅम अर्ध्या अंशाहून थोडा अधिक मागे आणि क्रँकच्या हिशेबाने एका अंशाहून अधिक उशीर. आवाज नसला तरी व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. गाडी गप्प, पण ओढ कमी. अशा वेळी उपाय एकच : नवी साखळी.

२१/
आणि दुर्लक्षच केले तर? सैल साखळी झाकणाच्या भिंतीवर आपटून ॲल्युमिनियम खरवडते. आणखी सैल झाली, तर चक्राचा एखादा दात ओलांडते. मग व्हॉल्व्ह चुकीच्या क्षणी उघडा राहतो, आणि फार दात ओलांडले वा साखळी तुटलीच तर खालून येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन. नवी साखळी बसवताना फ्लायव्हीलवरची 'टी' खूण आणि वरच्या चक्रावरची खूण एकाच वेळी जुळवण्याचा मेकॅनिकचा हट्ट यासाठीच असतो. एका दाताची चूकही इंजिन माफ करत नाही.

२२/
१९९१ मध्ये कावासाकी-बजाजची फोर-एस चॅम्पियन आली, १९९४ मध्ये हीरो होंडाची स्प्लेंडर. १९९१, १९९६ आणि २००० असे प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली मागे पडल्या. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच चाकणहून बजाजची पल्सर बाहेर पडली. पंधरा-सोळा वर्षांत टायमिंग चेन अपवादाची नियम झाली. कायदा झाला धुराविषयी; बदलून गेले ते गॅरेजातल्या हातांचे ज्ञान.

२३/
ज्या मेकॅनिकची उमेद टू-स्ट्रोकमध्ये गेली, त्याला पस्तिशी-चाळिशीत नवा आवाज शिकावा लागला. कंपन्यांची प्रशिक्षणे प्रामुख्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लोकांसाठी होती. पुस्तिका इंग्रजीत होत्या. रस्त्याकडेच्या गॅरेजात ही विद्या पोहोचली ती सर्व्हिस सेंटर सोडून स्वतःचे दुकान टाकणाऱ्या पोरांकडून, स्पेअर पार्टच्या दुकानातल्या गप्पांतून आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर केलेल्या चुकांतून. 'मॅग्नेटच्या बाजूची चेन', 'टेन्शनर दांडी', 'चेन कट झाली' ही भाषा कोणत्याही शब्दकोशाने घडवलेली नाही.

२४/
दरम्यान टेन्शनर स्वयंचलित झाले. स्प्रिंग आणि एका दिशेनेच सरकणारी खाच, किंवा स्प्रिंग आणि तेलाचा दाब; मेकॅनिकने लॉकनट सोडण्याची गरज संपली. सोय झाली, यात शंका नाही. पण नवा धोकाही आला. असा टेन्शनर काढला की तो पूर्ण बाहेर झेपावतो. आत मागे न सारता तसाच बोल्टने आवळला तर साखळी आणि पट्टी दोन्ही चिरडतात. शिवाय स्वयंचलित टेन्शनर खरखर लपवत राहतो आणि शेवटी ऐकू येते तेव्हा साखळी ॲडजस्ट करण्यापलीकडे गेलेली असते. यंत्राने माणसाचे काम घेतले, त्याबरोबर पूर्वसूचनाही घेतली.

२५/
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो : कोणी काय, केव्हा शोधले. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात याला हरकत घेतली. त्यांच्या मते शोधांइतकाच वापराचा, देखभालीचा आणि दुरुस्तीचा इतिहास महत्त्वाचा. या कसोटीवर भारतातल्या टायमिंग चेनचा इतिहास मँचेस्टरमध्ये सुरू होतो आणि त्याचे मोठे प्रकरण अशाच चौकांत घडते. पण कारखान्यांचे दफ्तर असते, जाहिराती असतात, वार्षिक अहवाल असतात. गॅरेजचे दफ्तर म्हणजे तेलकट वहीतला हिशेब. वही संपली की ती पेटवणीला जाते.

२६/
यात गमावण्यासारखे बरेच आहे. एका पिढीने टू-स्ट्रोकचे शास्त्र आत्मसात केले, ते टाकून फोर-स्ट्रोकचे उचलले आणि २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून ती सेन्सर व स्कॅनरचे शिकते आहे. तीन वेळा पाटी पुसून लिहिणाऱ्या कारागिरांची नोंद 'अकुशल' आणि 'असंघटित' या दोन शब्दांत आटोपते. स्कॅनरला सेन्सरचा दोष दिसतो. साखळीची खरखर त्याला ऐकू येत नाही. तेथे अजूनही कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावतोच. फक्त असे कान कमी होत चालले आहेत.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी येथे काम आहे. जुन्या सर्व्हिस पुस्तिका, सुट्या भागांच्या किंमत-याद्या, गॅरेजांच्या बिलबुकांच्या स्थळप्रती ही अस्सल साधने आहेत. मोडी दप्तराइतकीच जपण्याजोगी. त्याहून निकडीची आहेत ती तोंडी साधने. साठी ओलांडलेल्या मेकॅनिकला पहिली फोर-स्ट्रोक केव्हा उघडली, पहिली चूक कोणती झाली आणि ती कोणी दुरुस्त केली, हे आजच विचारावे लागेल.

२८/
विचारताना एक जुनी गाडी सोबत असावी. प्रश्नांना उत्तरे देताना अवघडणारा माणूस इंजिन सुरू झाले की मोकळा होतो. तो मान तिरकी करतो, क्षणभर ऐकतो आणि सांगतो : टॅपेट नाही, पिस्टन नाही, चेन आहे, अजून ॲडजस्ट होईल. चाळीस वर्षांचा इतिहास त्या एका निदानात असतो. तो लिहून घेणारे कोणी समोर असावे, एवढेच.

(धागा समाप्त)